हिमालयात चढलेला समुद्राचा तळ ओळखायचा कसा?

डिसेंबर २०२४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी हिंदी महासागरात सुमारे साडेचार किलोमीटर खोलीवरच्या एका गरम झऱ्याची छायाचित्रं घेतली. चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था आणि गोव्यात वास्कोला असलेलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र यांची ती संयुक्त मोहीम होती. पाठोपाठ २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी एक करार झाला. वायव्य हिंदी महासागरातल्या कार्ल्सबर्ग रांगेवर दहा हजार चौरस किलोमीटर भागात धातूंच्या सल्फाइडांचा शोध घ्यायची मुभा त्यातून भारताला मिळाली.

या बातम्यांमधला समुद्रतळ आज घडतोय. यापूर्वीच्या एका महासागराचा, टेथिसचा, तळ मात्र लडाखमध्ये तीन-चार हजार मीटर उंचीवर पडलेला आहे. 'इथे पूर्वी समुद्र होता' हे वाक्य लडाखहून आलेल्या प्रत्येकाने गाडीच्या ड्रायव्हरकडून ऐकलेलं असतं. वाक्य खरं आहे. पण यातला नेमका कोणता खडक समुद्राचा तळ होता, असं विचारलं की उत्तर अवघड होतं. तो खडक दोन-तीनदा भाजून, दाबून, भिजून निघालेला असतो. मूळची खनिजं गेलेली असतात, रंग बदललेला असतो आणि पोतही उरलेला नसतो. तरीही त्याचं मूळ सांगता येतं, आणि कधी कधी उत्तर अपेक्षेच्या नेमकं उलट निघतं.

तळाचा खडक मुळात बनतो कसा

पृथ्वीच्या कवचाखाली प्रावरण आहे. हा घट्ट पण फार सावकाश सरकणारा खडकाचा जाड थर. समुद्राखालच्या पर्वतरांगांपाशी दोन भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या वरच्या थराचे सरकणारे मोठे तुकडे, एकमेकांपासून दूर जातात, तेव्हा खालचं प्रावरण वर येतं. वर येताना त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि त्याचा थोडा भाग वितळतो. हा रस गोठून होतो तो काळा खडक म्हणजे बेसॉल्ट. कार्ल्सबर्ग रांग संथ आहे, तिथे दोन्ही बाजू मिळून वर्षाला जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर नवा तळ तयार होतो.

अशा तळाची जाडी साधारण सहा-सात किलोमीटर असते आणि त्याचे थर ठरलेले असतात. सर्वांत वर गाळ. त्याखाली पाण्यात ओतून गोल गोल गोळे झालेला उशी-लाव्हा, मग उभ्या तड्यांत रस गोठून झालेल्या, एकमेकांना चिकटलेल्या भित्ती, त्याखाली सावकाश थंड झालेला भरड दाण्यांचा गॅब्रो, आणि तळाशी प्रावरणाचाच खडक, पेरिडोटाइट. हा सगळा संच जमिनीवर चढलेला सापडला तर त्याला ओफिओलाइट म्हणतात.

पुढच्या सगळ्या तर्काचा पाया असलेली एक गोष्ट इथेच सांगायला हवी. खंडांचं कवच बनताना प्रावरणातली काही मूलद्रव्यं फार पूर्वीच काढून घेतली गेली. पोटॅशियम, थोरियम, नायोबियम, लँथनम ही त्यातली. रांगांखाली वितळतं ते असं आधीच उपसलेलं प्रावरण. त्यामुळे रांगेवरच्या बेसॉल्टमध्ये ही मूलद्रव्यं ठळकपणे कमी असतात, आणि हीच त्याची ओळख.

पहिलं भाजणं जन्मतःच होतं

सुमारे १,२०० अंशांचा लाव्हा जवळजवळ गोठणबिंदूच्या पाण्याला भेटतो. तडे जातात, पाणी आत शिरतं, दीड-दोन किलोमीटर खाली तापतं आणि साडेतीनशे-चारशे अंशांवर पुन्हा वर उसळतं. या फेरीत पाण्यातला मॅग्नेशियम खडकात अडकतो आणि खडकातलं कॅल्शियम, लोह, तांबं, जस्त पाण्याबरोबर निघून जातं. हे पाणी वर थंड समुद्राला भेटलं की धातू सल्फाइडांच्या रूपात खाली बसतात. कार्ल्सबर्गचा करार याच साठ्यांसाठी आहे.

मागे राहिलेल्या खडकात क्लोराइट, एपिडोट, अॅक्टिनोलाइट आणि सोडियमयुक्त फेल्स्पार तयार होतात. पहिली तीन हिरवी, म्हणून काळा बेसॉल्ट हिरवा दिसू लागतो. खडक न वितळता त्याची खनिजं अशी बदलतात, त्याला रूपांतरण म्हणतात. भूपट्टाच्या टोकाशी पोचेपर्यंत समुद्रतळ मूळचा राहिलेलाच नसतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. त्याच्या वरच्या भागात वजनाच्या काही टक्के पाणी खनिजांच्या आत बांधलं गेलेलं असतं.

मग बुडी: निळा शिस्ट आणि एक्लोजाइट

जुना झालेला तळ थंड आणि जड होतो आणि दुसऱ्या भूपट्टाखाली शिरतो. दगड उष्णतेचा वाईट वाहक आहे. तळ खाली जातो त्या वेगाने तो तापत नाही. एरवी जमिनीखाली दर किलोमीटरला पंचवीस-तीस अंशांनी तापमान वाढतं. बुडणाऱ्या तळात ही वाढ दहा अंश किंवा त्याहूनही कमी असते. दाब प्रचंड पण उष्णता बेताची, अशी स्थिती पृथ्वीवर दुसरीकडे कुठे सहसा जमत नाही.

या स्थितीत बेसॉल्टमध्ये ग्लॉकोफेन हे निळसर जांभळं खनिज बनतं आणि खडकाला निळा शिस्ट म्हणतात (शिस्ट म्हणजे पातळ पदर सुटणारा रूपांतरित खडक). कारगिल–लेह रस्त्यालगतच्या शेरगोलजवळ असा खडक उघडा पडला आहे. त्यातल्या खनिजांवरून काढलेली कमाल स्थिती सुमारे ४७० अंश आणि १९ किलोबार इतकी येते. एक किलोबार म्हणजे ढोबळ साडेतीन किलोमीटर खडकाचं ओझं, म्हणजे खोली पासष्ट किलोमीटरच्या आसपास. दर किलोमीटरला सातच अंश! हा खडक बुडत्या तळाच्या वाटेने गेला होता, याचा याहून चांगला पुरावा मागायची गरज नाही.

आणखी खाली फेल्स्पार टिकत नाही. लाल गार्नेट, म्हणजे आपला तामडा, आणि ओम्फासाइट नावाचं गवती हिरवं खनिज एवढंच मुख्यतः उरतं. हा एक्लोजाइट. पाण्याची घनता १ धरली तर मूळ खडकाची सुमारे ३.० असते, एक्लोजाइटची ३.५, आणि भोवतालच्या प्रावरणाची ३.३. म्हणजे इथून पुढे तळ आपल्याच वजनाने बुडतो आणि मागचा सगळा भूपट्ट खेचत नेतो. भूपट्ट सरकवणाऱ्या बलांमध्ये ही ओढ सर्वांत मोठी मानली जाते.

तोच बेसॉल्ट नेहमीच्या वेगाने तापला असता तर अॅम्फिबोलाइट झाला असता: काळा, ना निळा ना लाल. खनिजं खडकाचा प्रवास सांगतात, त्याचा जन्म सांगत नाहीत. जन्मासाठी रसायनाकडेच जावं लागतं.

कोणती मूलद्रव्यं खरं बोलतात

पांढऱ्या सदऱ्यावर वरण सांडलं की मीठ पहिल्याच पाण्यात जातं. हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल होतो, पण राहतो. खडकातही असे दोन गट आहेत. पोटॅशियम, सोडियम, रुबिडियम, बेरियम आणि बऱ्याच अंशी स्ट्रॉन्शियम पाण्याबरोबर येतात-जातात. टायटॅनियम, झिर्कोनियम, नायोबियम, इट्रियम, थोरियम आणि बहुतेक दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं (बातम्यांमधली 'रेअर अर्थ' ती हीच) खनिजं बदलली तरी सहसा खडकातच राहतात. एक खनिज मोडलं की दुसऱ्यात जाऊन बसतात: टायटॅनियम आणि नायोबियम रुटाइलमध्ये, इट्रियम गार्नेटमध्ये, झिर्कोनियम झिरकॉनमध्ये.

आता आकडे पाहू. मोजमाप पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती. मध्य-सागरी रांगेच्या नमुनेदार बेसॉल्टमध्ये टायटॅनियम ७,६०० पीपीएम, झिर्कोनियम ७४, इट्रियम २८, नायोबियम २.३ आणि थोरियम फक्त ०.१२ असतं. हवाईसारख्या समुद्री बेटांच्या बेसॉल्टमध्ये टायटॅनियम १७,२००, झिर्कोनियम २८०, इट्रियम २९, नायोबियम ४८, थोरियम ४. इट्रियम दोन्हीकडे जवळपास सारखंच आहे, पण नायोबियम वीस पट. म्हणून नायोबियमला इट्रियमने भागलं की रांगेसाठी ०.०८ आणि बेटासाठी १.६ च्या पुढे उत्तर येतं. गल्लत व्हायला जागाच राहत नाही.

दुसरं गुणोत्तर थोरियम भागिले नायोबियम. रांगेवर ते ०.०५ च्या आसपास, खंडांच्या वरच्या कवचात ०.९ च्या जवळ. बेसॉल्ट खंडाच्या खडकातून वर आला असेल किंवा बुडत्या भूपट्टाच्या वरच्या ज्वालामुखीतला असेल, तर हा आकडा चढतो. तिसरं टायटॅनियम आणि व्हॅनेडियमचं. ज्वालामुखी चापांत, म्हणजे बुडत्या भूपट्टाच्या वर उभ्या राहणाऱ्या ज्वालामुखींच्या रांगांत, ते साधारण २० च्या खाली, रांगेवर २० ते ५०, बेटांवर ५० च्या वर.

पोटॅशियमवर मात्र काही ठरवू नये. ताज्या रांग-बेसॉल्टमध्ये ते ६०० पीपीएम असतं. थंड समुद्राच्या पाण्यात लाखो वर्षं पडून राहिल्यावर सहज पाच-दहा पट होतं. जुन्या अहवालांत केवळ सोडियम-पोटॅशियमच्या आलेखावरून 'अल्कली बेसॉल्ट' असं लिहिलेलं आढळलं, तर ते पुन्हा तपासावं.

पाण्याने केलेला बदल नेहमीच त्रासदायक नसतो, तो स्वतःही पुरावा देतो. ताज्या रांग-बेसॉल्टमध्ये ऑक्सिजनच्या जड समस्थानिकाचं (त्याच मूलद्रव्याच्या जास्त वजनाच्या अणूंचं) मोजमाप समुद्राच्या पाण्याच्या तुलनेत दर हजारी ५.७ ने जास्त येतं. समुद्राच्या थंड पाण्यात मुरलेल्या उशी-लाव्हात ते वाढतं, खालच्या गरम पाण्यात शिजलेल्या गॅब्रोत कमी होतं. ओमानच्या ओफिओलाइटमध्ये वरून खाली मोजत गेल्यावर हा चढ-उतार स्वच्छ दिसला. दक्षिण आफ्रिकेत किंबरलाइटमधून, म्हणजे प्रावरणातून उसळलेल्या ज्वालामुखी खडकातून, वर आलेल्या एक्लोजाइटच्या तुकड्यांतही असे कमी-जास्त दोन्ही आकडे सापडतात. प्रावरणाच्या खोलीवर असा फरक घडवणारं काही नाही. त्यामुळे हिऱ्यांबरोबर वर येणारे ते तुकडे एकेकाळी समुद्राच्या पाण्याला भेटलेले होते, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

नमुन्यापासून आकड्यापर्यंत: चुका कुठे होतात

पहिली चूक हातोड्यापाशीच होते. बारीक दाण्याच्या खडकाचा एक-दोन किलो नमुना पुरतो. पण सेंटिमीटरभर गार्नेट असलेल्या एक्लोजाइटचा तेवढाच तुकडा घेतला आणि त्यात गार्नेटचा एखादा पट्टा जास्त आला, तर इट्रियम फुगतं आणि सगळी गुणोत्तरं घसरतात. तिथे पाच किलो किंवा त्याहून जास्त घ्यावं. तपकिरी साल काढून टाकावी, पांढऱ्या शिरा टाळाव्यात. करवतीने कापलं तर पात्याच्या खुणा घासून काढाव्यात.

दळताना अकीकाचं भांडं वापरावं. टंगस्टन कार्बाइडचं भांडं वेगाने दळतं, पण टंगस्टन आणि कोबाल्ट भरपूर सोडतं आणि टँटलम-नायोबियमही थोडं सोडतं. मुळात दोन पीपीएमच नायोबियम असलेल्या खडकात तेवढं पुरे होतं. पीठ साधारण ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून पडेल इतकं बारीक हवं.

मग सुमारे एक हजार अंशांवर भाजून वजनातली घट पाहतात, म्हणजे खडकात किती पाणी आणि कर्बवायू होता ते कळतं. ताज्या बेसॉल्टमध्ये ही घट एक टक्क्याच्या आत असते, हिरव्या शिस्टात तीन-चार टक्के. पाच-सहाच्या पुढे गेली तर 'न हलणाऱ्या' मूलद्रव्यांवरही डोळे झाकून विसंबू नये. भाजताना लोह हवेतला ऑक्सिजन घेतं आणि वजन वाढतं, त्यामुळे कोरड्या एक्लोजाइटमध्ये घट ऋण येऊ शकते. ती उपकरणाची चूक नव्हे.

सर्वांत घातक चूक त्यानंतरची. खडकाचं पीठ हायड्रोफ्लोरिक आणि नायट्रिक आम्लात उघड्या भांड्यात विरघळवलं, तर झिरकॉन पूर्ण विरघळत नाही आणि रुटाइलही मागे राहू शकतं. मग झिर्कोनियम, टायटॅनियम, नायोबियम कमी येतं. आणि टायटॅनियम-नायोबियम कमी असणं ही तर ज्वालामुखी चापाची खूण! म्हणजे केवळ अर्धवट विरघळण्यामुळे साधा समुद्रतळ चापातला खडक ठरू शकतो. उपाय दोन: लिथियम बोरेटबरोबर वितळवून काच करणं, किंवा बंद टेफ्लॉनच्या भांड्यात सुमारे १९० अंशांवर दोन-तीन दिवस ठेवणं. बरोबर हवाईच्या बेसॉल्टपासून केलेला बीएचव्हीओ-२ हा प्रमाणित नमुना चालवावा. क्ष-किरण पद्धतीने आलेलं झिर्कोनियम आणि आम्लाच्या पद्धतीने आलेलं झिर्कोनियम यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर पुन्हा विरघळवावं.

एका नमुन्यावर निकाल देऊ नये, हे तर आलंच. पंधरा-वीस नमुने घेऊन प्रत्येक मूलद्रव्य झिर्कोनियमच्या विरुद्ध मांडलं की स्थिर मूलद्रव्यं एका रेषेवर येतात आणि हललेली मूलद्रव्यं विखुरतात. पाठ्यपुस्तकातल्या यादीपेक्षा ही चाचणी मी जास्त विश्वासाची मानतो, कारण प्रत्येक भागातलं पाणी वेगळं असतं.

एक्लोजाइट म्हणजे समुद्रतळच, नाही का?

नाही. आणि याचं उत्तम उदाहरण लडाखमध्येच आहे. त्सो मोरिरी सरोवराच्या परिसरात, पुगा खोऱ्याकडे, नाइस या पट्टेदार रूपांतरित खडकात अडकलेल्या एक्लोजाइटच्या भिंगासारख्या गाठी दिसतात. त्यांच्या गार्नेटमध्ये कोएसाइट सापडल्याचं २००१ मध्ये प्रसिद्ध झालं. कोएसाइट म्हणजे प्रचंड दाबाखाली बनणारं गारगोटीचं घट्ट रूप. ते दिसलं म्हणजे खडक नव्वद किलोमीटरच्या खाली जाऊन आला. हे घडलं सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी.

साहजिकच वाटतं की हा टेथिसचा तळ. पण त्याचं रसायन काश्मीरच्या पांजाल ट्रॅपशी जवळचं आहे. पांजाल ट्रॅप म्हणजे सुमारे २९ कोटी वर्षांपूर्वी भारतीय खंडावर पसरलेला बेसॉल्ट. भोवतालचा नाइसही खंडाचाच. म्हणजे इथे बुडाली ती भारताच्या खंडाची कड. टेथिस संपल्यावर तळाच्या मागोमाग खंडही खाली खेचला गेला आणि हलका असल्यामुळे परत उसळला. खनिजं पाहून थांबलो असतो तर ही गोष्ट कळलीच नसती.

मग ओफिओलाइट तरी मध्य-सागरी रांगेतला असतो ना?

तोही बहुधा नाही. पूर्व लडाखमधल्या निदार ओफिओलाइटमध्ये पेरिडोटाइट, गॅब्रो, ज्वालामुखी खडक आणि चर्ट हा खोल समुद्रातल्या गाळाचा कठीण खडक हे सगळं आहे, पण त्याच्या लाव्हाचं रसायन महासागराच्या आतच तयार झालेल्या ज्वालामुखी चापाकडे बोट दाखवतं. सायप्रसच्या ट्रूडोस ओफिओलाइटबद्दल जपानी भूशास्त्रज्ञ मियाशिरो यांनी १९७३ मध्ये हेच म्हटलं तेव्हा मोठा वाद झाला होता. ओमानच्या ओफिओलाइटमध्येही बुडत्या पट्टाची छाप आहे.

ही छाप येते कुठून? निळ्या शिस्टात पाच-सहा टक्के पाणी मावतं, एक्लोजाइटमध्ये एक टक्काही नाही. एकाचं दुसऱ्यात रूपांतर होताना उरलेलं पाणी वरच्या प्रावरणात जातं आणि त्याचा वितळण्याचा बिंदू खाली आणतं. पाणी पोटॅशियम, बेरियम बरोबर नेतं. गाळ वितळला तर थोरियमही जातं. नायोबियम आणि टायटॅनियम खाली रुटाइलमध्ये अडकून राहतात. वर येणाऱ्या रसात म्हणूनच थोरियम जास्त आणि नायोबियम कमी. लेह ज्याच्या कुशीत वसलं आहे आणि खारदुंग ला ज्यावर आहे, तो लडाखचा ग्रॅनाइट पट्टा याच पाण्याची निर्मिती. सिंधू नदीच्या दक्षिणेला बुडलेला तळ आणि उत्तरेला त्याच्या पाण्याने वितळून झालेला डोंगर, दोन्ही एका दिवसाच्या प्रवासात दिसतात.

मध्य-सागरी रांगेचा साधा तळ जवळजवळ पूर्ण प्रावरणात नाहीसा होतो. आजच्या महासागरांत अठरा-वीस कोटी वर्षांहून जुना तळ क्वचितच सापडतो. वर येतात ते तुकडे, आणि तेही सर्पेंटिनाइटमध्ये (पाणी मुरून हलक्या झालेल्या पेरिडोटाइटमध्ये) किंवा खंडाच्या खडकात अडकून. तेही लवकर यावे लागतात. रेंगाळले तर तापतात आणि निळ्या खडकाचा पुन्हा हिरवा होतो. शेरगोलच्या खडकात लॉसोनाइट या पाणीदार खनिजाच्या खुणा आहेत, म्हणजे तो परत येतानाही फारसा तापला नाही.

सह्याद्रीचा काळा पाषाण कुठे बसतो?

तो खंडावर ओतलेला बेसॉल्ट आहे, समुद्रतळ नाही. पण इथे एक गंमत आहे. लोणावळा-खंडाळ्याच्या भागातल्या बुशे थरात खंडाच्या कवचाची भेसळ भरपूर दिसते. महाबळेश्वर-पोलादपूर रस्त्यावरच्या आंबेनळी घाटाच्या नावाचा थर मात्र जवळजवळ निर्भेळ आहे. त्याचे काही आकडे मध्य-सागरी बेसॉल्टच्या बरेच जवळ जातात. तो उद्या पुरला जाऊन एक्लोजाइट झाला, तर नुसत्या रसायनावरून एखादा त्याला समुद्रतळ म्हणेल.

म्हणून शेजार पाहावा लागतो. आंबेनळीत उशी-लाव्हाचे ढीग नाहीत, चर्ट नाही, खाली पेरिडोटाइट नाही. सह्याद्रीच्या लाव्हांच्या मध्ये मात्र तांबड्या मातीचे थर आहेत. लाव्हा जमिनीवर वाहिला, वर माती तयार झाली, मग पुढचा लाव्हा आला. समुद्रतळाच्या लाव्हांमध्ये अशी माती असणं शक्य नाही.

पाण्याखालचा लाव्हा प्रत्यक्ष पाहायचा असेल तर लडाखपर्यंत जायलाच हवं असं नाही. कर्नाटकात चित्रदुर्गजवळ मारडीहळ्ळीला उशी-लाव्हा आहे, राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जपलेला आणि वयाने सुमारे अडीच अब्ज वर्षांचा. तो रूपांतरित होऊन हिरवट झाला आहे, पण गोळ्यांचे आकार शाबूत आहेत. प्रत्येक गोळ्याची कड बारीक दाण्याची असते, कारण ती पाण्याला लागून झटकन गोठली. दोन गोळ्यांच्या फटीत उतरलेलं टोक शोधावं. ते टोक ज्या बाजूला, ती त्या काळची खालची बाजू.